रिजेक्शनच्या ट्रेपासून गणित सुरू करा

या वेळचं पत्र कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका ताईंचं आहे. वडिलांनी उभं केलेलं मशिन शॉप आता त्या बघतात. ३५-४० माणसं, कॉम्प्युटरवर चालणारे सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशिन), फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग मशिनिंग करून पंपवाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना द्यायचं. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देतो (एसपीसी म्हणजे मापं चार्टवर मांडून कामावर लक्ष ठेवणं, सीपीके म्हणजे काम टॉलरन्समध्ये किती सहज बसतं त्याचा आकडा, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी सूट, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग):

"कस्टमर आता एसपीसीचे चार्ट मागतोय, सीपीके मागतोय. मागच्या ऑडिटला त्यांच्या माणसाने आमच्या ऑपरेटरला विचारलं की ड्रॉइंगवरचा हा टॉलरन्स मायक्रॉनमध्ये किती, पोरगं नुसतं बघत राहिलं. मग बाहेरून ट्रेनर बोलावला, दोन दिवस पीपीटी झाली, अर्धी इंग्लिशमध्ये, कुणाच्या काही डोक्यात शिरलं नाही. माझी पोरं आयटीआय नाहीतर दहावी-बारावी, काही यूपी-बिहारची. गणिताचं नाव काढलं की माना खाली. यांना शिकवण्यात वेळ घालवू की सरळ डिप्लोमावाले घेऊ? आणि शिकवलं की दोन हजार जास्त मिळतात म्हणून पलीकडच्या कंपनीत जातात, त्याचं काय? शेवटचं एक, आमच्याच एका कामगाराची मुलगी अप्रेंटिस म्हणून यायचं म्हणते, दहावीला गणितात काठावर पास झालेली आहे, घेऊ का?"

ताई, तुमचीच पोरं शिकवा. डिप्लोमावाला एखादा लागला तर जरूर घ्या पण या पोरांच्या ऐवजी नको, कारण तो टेबलवर बसून चार्ट काढेल, फाइलला लावेल, ऑडिटला दाखवेल, आणि मशिनवर उभा असलेला माणूस तो चार्ट कधी बघणारच नाही. मटेरियल रिजेक्ट होतं ते मशिनवर, थांबवायचं पण तिथेच आहे, त्यामुळे ज्याच्या हातात ऑफसेटचं (मशिनमधलं टूलचं माप थोडं पुढे-मागे करायचं) बटण आहे त्याला ते गणित यायला पाहिजे. आणि लागतं तरी किती गणित? दशांश, अधिक-उणे, सरासरी, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यातला फरक, वर्तुळ, थोडं साइन-कॉस, आणि गरम-थंड झाल्यावर धातूचं काय होतं एवढं विज्ञान. सातवी ते दहावीच्या आतलं आहे सगळं. ही पोरं ते एकदा शाळेत शिकून गेलीत, फक्त तेव्हा त्याचा कशाशी संबंध आहे ते कुणी दाखवलं नव्हतं. तुमच्याकडे तो संबंध रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये रोज पडलेला असतो.

एक जॉब घेऊन सांगतो म्हणजे नुसतं बोलल्यासारखं होणार नाही. समजा ८० एच७ चा बोअर, म्हणजे भोक, आहे, माप ८०.००० ते ८०.०३० मिलिमीटर, सगळा मिळून ३० मायक्रॉनचा खेळ. कास्ट आयर्न आपल्याकडे बरेच जण ड्राय, म्हणजे कूलंट न घालता, मारतात, जॉब चकमधून काढला की गरम असतो. ऑपरेटर लगेच बोअर गेज घालतो, ८०.०१२ दाखवतं, ओके म्हणून ट्रेमध्ये ठेवतो. दुपारी क्वालिटीवाला तोच जॉब चेक करतो तर ७९.९९४, अंडरसाइज. आता भांडण सुरू, ऑपरेटर म्हणतो तुझं गेज खराब, क्वालिटीवाला म्हणतो तू मोजलंच नाहीस, सुपरवायझर दोघांना झापतो, आणि असं सगळीकडे होतं. खरं तर दोघंही बरोबर आहेत. कास्ट आयर्न एक मीटर लांबीला एका डिग्रीला साधारण ११ मायक्रॉन वाढतं. ८० मिलिमीटर म्हणजे ०.०८ मीटर, जॉब गेजपेक्षा २० डिग्रीने गरम असेल तर ०.०८ गुणिले ११ गुणिले २०, आले साडेसतरा-अठरा मायक्रॉन. ३० मधले अठरा नुसत्या उष्णतेने खाल्ले. गुणाकार तेवढाच आहे आणि तो तुमच्या ऑपरेटरला मोबाइलवर येतोच, त्याला फक्त हा गुणाकार आहे हे माहीत नाही.

हे शिकवताना पहिल्यांदा आकडे सांगूच नका. मशिनभोवती चार-पाच जणांना उभं करा आणि विचारा, जॉब गरम झाला की भोक मोठं होतं की लहान? बरेच जण लहान म्हणतील, धातू फुगतो मग आत पण फुगणार असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. मग मेन्टेनन्सच्या फिटरला बोलवा आणि त्याला विचारा की शाफ्टवर बेअरिंग बसत नसेल तर तू काय करतोस. तो म्हणेल गरम करतो, सरकन जातं. तिथल्या तिथे उत्तर मिळालं. एखादा गावाकडचा असेल तर त्याने बैलगाडीच्या चाकाला लोहाराने धाव चढवताना बघितलेली असते, लोखंडी धाव लाल करायची, लाकडी चाकावर घालायची आणि पाणी ओतायचं की ती आवळून बसते. हे विज्ञान त्यांना येतं. त्यांच्याकडे आकडा नव्हता, तो आज तुम्ही दिला. मग एक गरम जॉब चकमधून काढून लगेच मोजायचा, रीडिंग जॉबवर मार्करने लिहायचं, टेबलवर ठेवून द्यायचा, जेवणानंतर परत मोजायचा आणि बाजूला लिहायचं. पोरांनी स्वतः लिहिलेले ते दोन आकडे दोन दिवसांच्या पीपीटीपेक्षा जास्त काम करतील.

आता रोजचं कसं करायचं ते सांगतो. क्लासरूम नको, निदान सुरुवातीला तरी नको. बाकावर बसवलं की पोरांना शाळा आठवते आणि त्यातल्या बऱ्याच जणांची शाळेची आठवण चांगली नाहीये, फळ्यासमोर उभं करून सगळ्यांसमोर अपमान झालेला असतो. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, मशिनजवळ, ड्यूटीच्या वेळेत, पगारी. ड्यूटी संपल्यावर थांबा म्हणालात तर शिक्षा वाटते, आणि बस पकडायची असते, घरी म्हशी असतात, कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. विषय प्रत्येक वेळी एकच, या आठवड्यात ट्रेमध्ये जे पडलं तेच. शिकवणारा शक्यतो तुमचाच सीनियर ऑपरेटर असावा, ज्याला लोक मानतात तो, आणि त्याला तयार करायला पहिले काही आठवडे जवळच्या आयटीआयचे एखादे वर्कशॉप कॅल्क्युलेशनचे सर किंवा रिटायर्ड निदेशक बोलवा. यूपी-बिहारच्या पोरांसाठी हिंदी-मराठी मिसळून बोललं तरी चालतं, आकडे आणि चित्र सगळ्यांना सारखेच कळतात. भाषा शॉपमध्ये बोलतात तीच ठेवा, ऑफसेटला ऑफसेट म्हणा, रनआउटला रनआउट म्हणा, उगाच शुद्ध मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका.

पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते नाजूक आहे. कोण कुठे अडकलाय ते कळायला पाहिजे. प्रत्येकाला एकेकटं, सीनियरसोबत, जॉब आणि मायक्रोमीटर हातात देऊन चार गोष्टी विचारा, कागदावर परीक्षा घेऊ नका, मार्क तर अजिबात लावू नका. सगळ्यात जास्त लोक दशांशाला अडकलेले सापडतील. ०.२ मोठं की ०.१५ मोठं असं विचारून बघा, बरेच जण ०.१५ म्हणतात कारण १५ हे २ पेक्षा मोठे. हीच चूक मशिनवर ऑफसेट टाकताना होते, ०.०२ च्या जागी ०.२ टाकला की तो जॉब गेलाच, वर इन्सर्टही (टूलचं कापणारं टोक) जाऊ शकतो. याला औषध सोपं आहे, काही दिवस शॉपमध्ये सगळ्यांनी सगळं मायक्रॉनमध्येच बोलायचं, ०.२ म्हणजे २००, ०.१५ म्हणजे १५०, ०.०२ म्हणजे २०. पूर्ण आकडे झाले की गोंधळ संपतो, आणि तुमच्या ऑडिटरच्या प्रश्नाचं उत्तरही आपोआप तोंडात येतं. जुन्या मिस्त्रींचं तर आणखी वेगळं, ते सुतात विचार करतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि त्यातल्या कुणाला पावकी, निमकी, पाउणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) पाठ असेल तर त्याचं अपूर्णांकाचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं आहे. त्यांना अडाणी समजून बाजूला ठेवू नका. सूत ते मिलिमीटर असा एक तक्ता त्यांच्याच हाताने लिहून भिंतीला लावा, एक सूत ३.१७५ इथून सुरू करून.

एसपीसीचं सांगतो कारण कस्टमर तेच मागतोय. सीपीकेचा फॉर्म्युला ऑपरेटरला पाठ करायला लावू नका, तो एक्सेल काढतं. ऑपरेटरला एक गोष्ट कळली पाहिजे, प्रत्येक नगामागे ऑफसेट हलवला तर मटेरियल सुधारत नाही, बिघडतं. चांगला मेहनती ऑपरेटरच ही चूक करतो, एक जॉब ५ मायक्रॉन मोठा आला की ५ कमी करतो, पुढचा ७ लहान आला की ७ वाढवतो, त्याला वाटतं मी लक्ष देतोय. पण मशिनची स्वतःची थोडी हालचाल असतेच, ती निव्वळ योगायोगाची असते, आणि तुम्ही प्रत्येक वेळी तिच्या मागे पळालात तर दोन हालचाली एकात मिसळतात आणि फैलाव साधारण १.४ पट होतो. क्वालिटीचे अमेरिकन गुरू डेमिंग हे फनेल आणि गोट्यांच्या प्रयोगातून दाखवायचे, तुम्ही तुमच्या लेथवर दाखवा. नवीन इन्सर्ट लावा, सेटिंग झाल्यावर ऑफसेटला हात न लावता पंचवीस नग काढा, ग्राफ पेपरवर एकेक ठिपका ऑपरेटरनेच पेनाने मारायचा. नंतर तसाच नवा इन्सर्ट लावून पंचवीस नग प्रत्येक वेळी करेक्शन देऊन काढा, तसाच ग्राफ. दोन्ही कागद शेजारी चिकटवा आणि त्यालाच विचारा कुठला बरा. मग पुढचा धडा आपोआप येतो, इन्सर्ट घासत जातो तसा बोअर हळूहळू लहान होत जातो, ठिपके एका दिशेने उतरायला लागतात, त्या उतरण्याला करेक्शन द्यायचं, एकट्या उडालेल्या ठिपक्याला नाही, त्याला आधी परत मोजायचं. हे ज्याला कळलं त्याला एसपीसी कळलं, बाकी कागदपत्रं आहेत. कंट्रोल लिमिटच्या रेषा त्याच ग्राफवर नंतर मारता येतात. आणि चार्ट हाताने भरायची सवय किमान पहिले काही महिने ठेवा, सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका, ठिपका हाताने मारला की डोकं विचार करतं.

व्हीएमसीवाल्या पोरांना साइन-कॉस लागतं, तिथेही घाबरायचं कारण नाही. १२० पीसीडीवर (होलची केंद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ६ होल असतील तर शेजारच्या दोन होलमधलं अंतर बरोबर ६० येतं, पीसीडीच्या निम्मं, आणि ते व्हर्नियरने मोजून दाखवता येतं. मग ८ होल घ्या, तिथे निम्मं येत नाही, ४५.९२ येतं, का? इथे १२० गुणिले साइन साडेबावीस डिग्री, शेजारच्या दोन होलमधल्या ४५ डिग्रीच्या निम्मे. ६ होलची गंमत आधी, ८ होलची गरज नंतर, आणि मग साइनचं टेबल उघडायचं. दहावीत त्याच पोराने साइन थीटाचे मार्क ऑप्शनला टाकलेले असतात.

हे फक्त तुमच्या शॉपचं नाही ताई, म्हणून जरा मोठ्यावर बोलतो. आपल्या पट्ट्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, उद्यमनगर, सगळीकडे हीच अडचण आहे. पॅटर्नवाला काँट्रॅक्शन स्केल (धातू आटतो ते धरून वाढवलेली पट्टी) वापरतो पण ग्रे आयर्नला १ टक्का का धरायचा हे नव्या पोराला सांगत नाही, फर्नेसवरच्या माणसाला कार्बन आणि सिलिकॉनचे आकडे स्पेक्ट्रो या तपासणीच्या मशिनवरून मिळतात पण सिलिकॉन आणि फॉस्फरसची बेरीज तिनाने भागून कार्बनमध्ये मिळवली की कार्बन इक्विव्हॅलंट येतो आणि तो ४.३ च्या किती खाली आहे त्यावर धातू कसा वागणार ते ठरतं, हे केमिस्टच्या केबिनमध्येच राहतं. एकेका छोट्या शॉपला शिक्षक ठेवणं परवडत नाही, पण पाच-सहा शेजाऱ्यांना मिळून परवडतं. तुमच्याकडे शिरोलीच्या कारखानदारांची स्मॅक ही संघटना आहे, तिकडे गोकुळ शिरगावची गोशिमा आहे, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर आहे. तिथे जाऊन एकच मागणी करा, मराठीतून शिकवणारा, शॉपवर फिरणारा एक गणिताचा माणूस, सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पुस्तकं नव्याने लिहायची गरज नाही, चेन्नईची निमी ही सरकारी संस्था आयटीआयची पुस्तकं काढते, मराठीतही मिळतात, आणि भारत स्किल्स पोर्टलवर बरंच साहित्य फुकट आहे. त्यातलं तुमच्या जॉबला लागणारं तेवढं घ्यायचं.

आणि आपल्या भागातल्या माणसांना हे जमणार नाही असं जे कुणी म्हणतं ना, त्याला किर्लोस्करवाडीची आठवण करून द्या. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना काढला, हाताशी माणसं होती ती आजूबाजूच्या खेड्यातली, कारखाना न बघितलेली. स्वतः लक्ष्मणराव मुंबईला व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायचे, म्हणजे कारखानदाराच्या आधी ते मास्तर होते, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता तुमची खरी भीती, शिकवलं की जातात. जातील काही. त्यातले बरेच नुसत्या दोन हजारासाठी जात नाहीत, इथे शिकून काही बदललं नाही म्हणून जातात. ऑडिटसाठी भिंतीवर स्किल मॅट्रिक्स (कुणाला काय येतं त्याचा तक्ता) लावलेला असेलच तुमच्याकडे, बहुतेक ठिकाणी तो ऑडिटच्या आदल्या रात्री भरला जातो. तो खरा करा. कोण स्वतः गेज सेट करतो, कोण चार्ट वाचून करेक्शन देतो, कोण पीसीडीचा प्रोग्राम एकट्याने तपासतो, कोण दुसऱ्याला शिकवतो, अशा पायऱ्या ठरवा आणि प्रत्येक पायरीला पगारात ठरलेली वाढ ठेवा, सगळ्यांना माहीत असलेली. पैसे कुठून आणायचे असं विचाराल, तर एका महिन्याचं रिजेक्शन आणि रिवर्क रुपयात मांडून बघा, कास्टिंगची किंमत, मशिनचा तास, इन्सर्ट, परत पाठवायचं भाडं सगळं धरून. तो कागद पोरांनाही दाखवा. आणि ज्याला पुढे शिकायचंय त्याला अडवू नका, दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला अटींत बसत असेल तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, नोकरी करत शिकायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. परीक्षेच्या दिवसात त्याला सुट्टी देणारा मालक तो विसरत नाही. एवढं करूनही एखादा गेलाच तर तो शेजारच्या शॉपमध्ये जाऊन तिथलं काम सुधारेल, आणि तिथला शिकलेला कधीतरी तुमच्याकडे येईल. त्यासाठीच सगळ्यांनी मिळून शिकवायला हवं म्हणतोय.

राहिली ती मुलगी. घ्या. काठावर पास ही तिची दहावीतल्या एका दिवसाची गोष्ट आहे, मायक्रोमीटर हातात आल्यावर काय होईल ते त्या मार्कांवरून कळत नाही. तशीही कंत्राटी धरून तुमची माणसं ३० च्या वर आहेत, म्हणजे अप्रेंटिस कायद्याप्रमाणे अडीच टक्के ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं तुम्हाला बंधनकारकच आहे. पोर्टलवर नोंदणी करा, एनएपीएस या सरकारी अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार तिच्या खात्यात टाकतं, बाकीचा तुम्ही द्यायचा. वय १८ पूर्ण आहे ना बघा, फर्स्ट शिफ्टच द्या, आणि शॉपमध्ये बायकांसाठी नीट टॉयलेट नसेल तर ती यायच्या आधी ते करून घ्या. पहिल्या महिन्यात मास्टर रिंगवर (ठरलेल्या नेमक्या मापाची कडी) बोअर गेज झिरो करणं, तेच दहा जॉब दोन वेळा मोजून आपली रीडिंग जुळतात का बघणं, आणि लाइनवरच्या चार्टवर ठिपके मारणं, एवढंच काम द्या. आणि वडील त्याच शॉपमध्ये आहेत म्हणून तिला त्यांच्या मशिनवर देऊ नका, दुसऱ्या सीनियरकडे द्या. बापासमोर चुकायला पोरं घाबरतात, आणि तिला पहिले काही महिने भरपूर चुकायला मिळालं पाहिजे.